मदत हवी आहे: जुन्या वाड्यांत प्रदर्शन, भिंतीला खिळा न ठोकता कसं लावायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही चित्रकार, शिल्पकार आणि दोघं व्हिडिओवाले मिळून जानेवारीत वाईत प्रदर्शन करायचं म्हणतोय. गॅलरी नाही, दोन खाजगी वाडे आणि मधे नदीच्या घाटाजवळची एक रिकामी वखार, लोकांनी चालत एकीकडून दुसरीकडे जायचं. कोचीचं बिएनाले (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) बघून डोक्यात किडा शिरला, तिथे आस्पिनवॉल हाऊससारख्या जुन्या व्यापारी कोठीत २०१२ पासून काय काय मांडतात, पणजीत सेरेंडिपिटी कलामहोत्सववाले गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत करतात, मुंबईत २०१७ ला ससून डॉकवरही झालं होतं. पण त्यांच्याकडे माणसं आणि पैसा, आमच्याकडे एक टेम्पो आणि ओळखीचा सुतार.

मुख्य घोळ भिंतींचा. चुन्याचा गिलावा, आत पांढरी माती. मालकांनी कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्याभोवती वाटीएवढा पोपडा निघालाय, ड्रिलचं तर नावच नको. डबल साईड टेप लावून पाहिला तर चुन्याचा थरच टेपबरोबर आला. फ्रेम लावायच्या कशा?

दुसरं म्हणजे माडीवरचा दिवाणखाना. सागवानी कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्यांचं छत, बघत राहावा असा, आणि एका मित्राला नेमकं तिथेच पाण्याने भरलेल्या टाकीवर प्रोजेक्शन करायचंय. ५०० लिटर म्हणजे अर्धा टन, वर उद्घाटनाची गर्दी. तो म्हणतो इतकी वर्षं उभा आहे, काही होत नाही.

परवानगीचंही विचारायचंय. एकाने १०० मीटरचा नियम सांगून घाबरवलंय. आणि एका वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर नावांची रांग आहे, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईत. राहणारे काका तोंडी हो म्हणालेत. तेवढं पुरतं का?

---

ओसरी:
भिंतीला हातच लावू नका. सुताराकडून लाकडी चौकटी करून घ्या, जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, मागे तिरका टेकू आणि तळाला वाळूची पोती. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, जुन्या भिंतीत पावसाची ओल बराच काळ राहते, कागदावरचं काम टेकवलंत तर फुगेल. हलकी कामं तुळईला कापडी पट्टा गुंडाळून टांगता येतात, मधे नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) घाला म्हणजे लाकडावर वळ उठत नाहीत. आणि हौसेने भिंत पांढरी करायला प्लास्टिक पेंट मारू नका, ओल आत कोंडते आणि गिलावा सुटतो. टाकी खाली वाड्याच्या मधल्या उघड्या चौकात आणा. माडीखालच्या लाकडी कड्या भिंतीत जिथे टेकतात तिथे वाळवी लागलेली असू शकते, वरून काही दिसत नाही. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय माडीवर गर्दी नको.

फिरस्ता:
१०० मीटरचा नियम केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीच्या बांधकामाला आहे, त्यापुढचे २०० मीटर परवानगी घेऊन. जवळपास असं स्मारक आहे का ते आधी बघा, राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आणि पुरातत्त्व संचालनालय. मांडव घालणार असाल तर उत्तर लेखी घ्या, साहेब फोनवर बोलले याला अर्थ नसतो. काकांचंही तसंच. भाऊबंदकी उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच जागी होते. सगळ्यांच्या सह्या घ्या, भाडेकरू असतील तर त्यांच्याही, आणि मोडतोड झाली तर भरून कोण देणार हे त्यातच लिहा. आधीचे तारखेचे फोटो काढून ठेवा, नाहीतर जुना पोपडाही तुमच्याच नावावर. तारीख पण थोडी सैल ठेवा, कोचीवाल्यांनाही २०२२ ला उद्घाटन १२ डिसेंबरवरून २३ वर न्यावं लागलं होतं.

---

धागाकर्ता:
आभार दोघांचे. चौकटींचं सुताराशी बोललो, प्लायऐवजी जुनी फळकुटं वापरू म्हणतोय. टाकी चौकात, मित्र रुसलाय, पण उजेडात प्रोजेक्शन दिसणार नाही हा त्याचा मुद्दा बरोबर आहे. चौकावर काळं कापड ताणायचं तर ते बांधायचं कशाला? कौलांना दोर लावायचा नाहीये. कोणी केलंय का असं?