मदत हवी आहे: फुलदाणी बाजारात जांभळी, घरात निळी!

लालबागचा_बाळू: शुक्रवारी चोरबाजारातून काचेची फुलदाणी आणली. तिथे मस्त फिकट जांभळी होती, घरी टेबलावर ठेवली तर चक्क निळी. बायको म्हणते बदलून दिली. पण पिशवी माझ्याच हातात होती! उद्या आत्याला द्यायचीय, तिला जांभळाच रंग हवा. लवकर सांगा.

चाळकरी: शुक्रवारी चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात ना?

लालबागचा_बाळू: रस्त्यावरच्या पथारीवरून घेतली हो. मुद्द्याचं बोला.

काचवाला_काका: घरी दिवा कुठला?

लालबागचा_बाळू: असतो तसाच.

काचवाला_काका: अहो, ट्यूब की बल्ब?

लालबागचा_बाळू: जुनी चोकवाली ट्यूब. बल्ब फक्त स्वयंपाकघरात, पिवळा.

सोनारआळी: अलेक्झांड्राइट आहे. विकू नका, लाखात जाईल!

काचवाला_काका: तो खडा वेगळा, त्यात क्रोमियम असतं आणि तो उन्हात हिरवा दिसतो. ही निओडिमियम नावाचा धातू मिसळलेली काच वाटते. निओडिमियम पिवळा प्रकाश गिळतं, म्हणून उन्हात निळा आणि लाल उरतो, मिळून जांभळा. ट्यूबच्या उजेडात गडद लाल जवळपास नसतोच, मग निळाच दिसणार. काच फुंकणारे कारागीर डोळ्यांना याच जातीचा चष्मा लावतात, भट्टीतली सोडियमची पिवळी झळ त्यात दिसत नाही.

टॉर्चधारी: मी सांगतो, युरेनियम. यूव्ही टॉर्च मारा, हिरवी चमकेल.

काचवाला_काका: युरेनियमची काच बहुतेक पिवळट-हिरवी असते. यांची जांभळी आहे. प्रत्येक धाग्यावर तुमची टॉर्च!

टॉर्चधारी: मारून बघायला काय जातंय?

चाळकरी: साध्या काचेची कड हिरवी दिसते ती लोहाच्या अंशामुळे. घाबरू नका.

लालबागचा_बाळू: कडेचं कोणी विचारलंय?

मिसळप्रेमी: चोरबाजारात गेलात आणि निहारी न खाता आलात?

लालबागचा_बाळू: बल्बखाली धरली. गुलाबीसर जांभळी झाली! बायको दोनदा स्वयंपाकघरात नेऊन बघून आली, आता गप्प आहे. पण आत्याकडे सगळीकडे ट्यूबच.

सोनारआळी: मग बल्बपण द्या सोबत.

काचवाला_काका: दिवसा द्या, खिडकीत ठेवायला सांगा. एलईडीचा भरवसा नाही, प्रत्येकात वेगळी छटा येते.

टॉर्चधारी: टॉर्च मारलीत का?

चाळकरी: कितीला पडली ते अजून सांगितलं नाहीत.