शनिवारी रात्री बी विंगमध्ये कोण हसत होतं?

बी-२०२ काका: नमस्कार. शनिवारी रात्री पावणेबाराला आमच्या बरोबर वरून हसण्याचा आवाज येत होता. साधं हसणं नव्हे, नाटकातला खलनायक हसतो तसं. मध्येच परक्या भाषेत भाषण. आमची ही दचकून उठली. काय प्रकार आहे?

बी-३०२ वहिनी: काका, सॉरी सॉरी! आमचा टीव्ही होता. जपानी मालिका आहे, ‘स्टाइन्स गेट’. त्यातला हीरो स्वतःला वेडा शास्त्रज्ञ म्हणवतो आणि उगाचच तसा हसतो. यापुढे अकरानंतर आवाज कमी ठेवू.

बी-२०२ काका: ठीक आहे. रविवारी काहीच आवाज नव्हता, म्हणून वाटलं पाहुणे असतील.

बी-३०२ वहिनी: रविवारी बघितलंच नाही, मी चिंचवडला आईकडे होते.

सी-४०४ काकू: अगं जपानी म्हणजे ती कार्टूनं ना? या वयात?

बी-३०२ वहिनी: काकू, १९९३ साली दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तेव्हा तुमच्या घरात कोण बघायचं?

सी-४०४ काकू: सगळेच बघायचो. नाश्ता त्याच्यासमोरच व्हायचा.

बी-३०२ वहिनी: तो जपानीच. तिकडे १९८९ मध्ये बनलेला, ५२ भागांचा. आपल्याकडे हिंदी आवाज आणि हिंदी शीर्षकगीत घालून आला. म्हणजे ॲनिमे, ही जपानी कार्टूनं, तुम्ही माझ्या आधी बघितलीत.

सी-४०४ काकू: कमाल आहे! मला तो आपलाच वाटायचा.

ए-१०४ धाकटा: वहिनी, स्टाइन्स गेट मीच सुचवली होती 😎 कशी वाटतेय? दादाला आवडली?

बी-३०२ वहिनी: थांब, सुरुवातीपासून सांगते. माझा आणि नवऱ्याचा करार असा की आळीपाळीने निवडायचं आणि तीन भाग बघितल्याशिवाय नकार द्यायचा नाही. पहिली पाळी त्याची. त्याने ‘द एक्स्पान्स’ ही अंतराळातली इंग्रजी मालिका लावली. पहिल्या भागात मी दर दोन मिनिटांनी “हा कोण?” विचारत होते आणि तो म्हणत होता, “मला काय माहीत, मीही पहिल्यांदाच बघतोय!” एकीकडे लघुग्रहपट्ट्यातल्या सेरेस या बटुग्रहावरचा पोलीस, दुसरीकडे शनीच्या कड्यांमधला बर्फ वाहून नेणारं जहाज, तिसरीकडे पृथ्वीवरची एक बाई. नुसता गोंधळ. बरं, बोलतात इंग्रजीच, पण लघुग्रहपट्ट्यातल्या लोकांची बोली मालिकेसाठी एका भाषातज्ज्ञाने घडवलेली आहे, त्यामुळे इंग्रजीलाही सबटायटल लावावी लागली.
पण ती बाई! भविष्यातल्या संयुक्त राष्ट्रांची मोठी अधिकारी, आणि अंगावर साडीच्या वळणाचे झकपक पोशाख. नातवाशी लाडाने बोलते, आणि त्याच भागात एका कैद्याची चौकशी करते. मारत नाही, झोडत नाही. त्याला फक्त पृथ्वीवर टांगून ठेवते. तो वाढलाय कमी गुरुत्वाकर्षणात, त्यामुळे आपण ज्यात सहज चालतो-फिरतो तेच वजन त्याला सोसत नाही. मी हातातली भेंडी बाजूला ठेवली.

ए-३०१ ताई: बर्फ कशाला वाहून नेतात?

बी-३०२ वहिनी: पाण्यासाठी. सेरेसवर पाणी रेशनवर. पहिल्याच भागात ते बर्फाचं जहाज उडवतात आणि पुढची सगळी भांडणं तिथून. नवरा म्हणाला, “ही आपल्या सोसायटीच्या टँकरची गोष्ट आहे.”

सेक्रेटरी काका: टँकरचा विषय निघालाच आहे म्हणून, आज दुपारी येणारा टँकर संध्याकाळी ६ ला येईल. वरच्या टाकीत पाणी कमी आहे. जपून वापरा 🙏

बी-२०२ काका: बघा. सेरेस!

सी-५०१ काका: वहिनी, मूळ कादंबऱ्यांवर लेखकाचं नाव एक दिसतं, पण ते टोपणनाव आहे, लिहिणारे दोघं. मीही बघितली आहे ती. सहा सीझन, ६२ भाग. तीन सीझननंतर पहिल्या वाहिनीने बंद केली होती, मग दुसऱ्यांनी उचलली. निवृत्तीनंतर वेळच वेळ.

बी-३०२ वहिनी: अय्या काका, तुम्ही! पुढचं काही सांगू नका हं, आम्ही दुसऱ्या सीझनवर आहोत.
मग माझी पाळी. ॲनिमे घ्यायचं पण मारामारी नको, अशी अट घातली. ‘प्लॅनेटीस’ मिळाली, २००३ ची. साल २०७५, आणि काम काय तर अंतराळातला कचरा गोळा करणं. कंपनीतलं सगळ्यात दुर्लक्षित खातं, बसायला तळघरासारखी जागा, माणसं अपुरी. नवीन मुलगी मोठ्या उत्साहाने कामावर हजर होते आणि तिचा सीनियर तिच्यासमोर उभा राहतो डायपर घालून! स्पेससूटमध्ये तासन्तास राहायचं तर दुसरं करणार काय, खरे अंतराळवीरही घालतात. पण आमच्याकडे नेमके सासू-सासरे जेवायला बसले होते. नवऱ्याने रिमोट शोधायला जी धावाधाव केली ती मालिकेपेक्षा बघण्यासारखी होती.

ए-३०१ ताई: 😂😂 मग बंद केली?

बी-३०२ वहिनी: कुठली! सासूबाईच म्हणाल्या, राहू दे. दुसऱ्या दिवशी विचारत होत्या, “ती कचरेवाल्यांची लावणार ना?” त्या मुलीचं आणि त्या सीनियरचं जमणार हे त्यांनी पहिल्या भागात ओळखलं. मी चौथ्यात.

सेक्रेटरी काका: वर ओला-सुका वेगळा करतात का? इथे बी विंगचा अजून एकत्रच येतो.

सी-५०१ काका: विषय मात्र गंभीर आहे. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या पुढे पळतात. एवढासा स्क्रूही गोळीपेक्षा वाईट.

बी-३०२ वहिनी: काका, सुरुवातच त्याने होते! एक स्क्रू येऊन प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो.

सी-५०१ काका: आणि २००९ च्या फेब्रुवारीत दोन अखंड उपग्रह खरेच एकमेकांवर आदळले, एक अमेरिकन कंपनीचा, एक बंद पडलेला रशियन. मालिका त्याच्या सहा वर्षं आधीची.

ए-१०४ धाकटा: वहिनी, सब की डब?

बी-३०२ वहिनी: सब, म्हणजे मूळ जपानी आवाज आणि खाली सबटायटल. नवऱ्याला हिंदी-इंग्रजी आवाज घातलेलं डब चालतं, पण मला ते आवाज चेहऱ्यावर बसत नाहीत असं वाटतं. एकच तोटा, जपानी असलं की भाजी निवडता येत नाही आणि फोनही बघता येत नाही. मान खाली गेली की वाक्य गेलं. इंग्रजी मालिकेला तो अर्धा वेळ ऑफिसचे मेल बघत असतो, इथे मुकाट्याने समोर बघतो. फक्त मी वाचून हसून मोकळी होते आणि तो तीन सेकंदांनी हसतो. खालच्या काकांना दोनदा हसू ऐकू येत असेल.

बी-२०२ काका: तिसरं त्या शास्त्रज्ञाचं.

ए-१०४ धाकटा: आणि स्टाइन्स गेट??

बी-३०२ वहिनी: खरं सांगू? आधी तुझा राग आला. मायक्रोवेव्हमधून भूतकाळात मेसेज पाठवतात ही कल्पना भारी, पण भागामागून भाग नुसत्या गप्पा, केळी घालून प्रयोग आणि त्याचं ते हसणं. तिसऱ्या भागानंतर मी नकाराधिकार वापरणारच होते. नवरा गयावया करायला लागला, म्हणे नेटवर सगळे लिहितात, बाराव्यापर्यंत थांबा. माझं मत, ज्या गोष्टीला २४ पैकी १२ भाग थांबावं लागतं तिने निम्मं भाडं परत द्यावं. पण शनिवारी बारावा बघितला आणि मी काही बोललेच नाही. ज्या गप्पांना मी कंटाळले होते, त्या गप्पांमुळेच ती माणसं आपली झाली होती. हे आधी कळत नाही ना!

ए-१०४ धाकटा: 🔥🔥 बोललो होतो!

बी-३०२ दादा: मीटिंगमध्ये होतो, आत्ता वाचलं. काका, आवाजाबद्दल माफ करा. आणि अरे, बारावा काहीच नाही, तेराव्यात तो घड्याळाचा प्रकार बघितलास? तो पुन्हा पुन्हा मागे जातो आणि तरी

ए-१०४ धाकटा: दादा…

बी-३०२ वहिनी: तेरावा?

बी-३०२ वहिनी: आपण बारावर थांबलो होतो ना?

बी-२०२ काका: तरीच रविवारी आवाज नव्हता. हेडफोन लावला असणार.

बी-३०२ दादा: काका!

सी-४०४ काकू: मोगलीच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. आठवडाभर सगळ्यांनाच थांबावं लागायचं.

बी-३०२ वहिनी: किती वाजता येतोयस?

बी-३०२ दादा: उशीर होईल. टँकर आल्यावर येतो.

सेक्रेटरी काका: टँकर आता ८ ला.