मदत हवी आहे: कृषी अभियंत्यांच्या संघटनेच्या बातम्या कुठं कळतात, आणि ही मंडळी मळणी यंत्रापर्यंत येतील का?

सेलूकर

नमस्कार मंडळी. मी परभणीचाच कृषी अभियंता. नोकरीचा नाद कधीच सोडला, आता सेलू तालुक्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची अवजारे बँक, म्हणजे शेतीची यंत्रं भाड्यानं देणारं केंद्र, सांभाळतो. विचारायलोय ते आपल्या व्यवसायाच्या संघटनेबद्दल, म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इंजिनिअर्स, आयएसएई.

संस्था १९६० ची, मुख्यालय दिल्लीला, वार्षिक अधिवेशन दरवेळी नव्या ठिकाणी. नोव्हेंबर २०२४ मधलं ५८वं अधिवेशन तर आपल्या परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात भरलं होतं. मला ते कळलं वर्गमित्राच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून, तोवर सगळं आटोपलं होतं. बरं, आधी कळलं असतं तरी गेलो असतो का, देव जाणे. त्या दिवसांत आमच्याकडं हरभऱ्याच्या पेरणीची धांदल, ट्रॅक्टर दारात उभा राहत नाही.

आता गरज का पडली ते सांगतो. २०२० च्या जूनमध्ये विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर बोंब झाली, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून आमच्या गावात लोक म्हणतात, घरचंच बियाणं बरं. पण घरचं बियाणं मळणीतच मार खातं. सोयाबीनचं टरफल पातळ, अंकुर त्याला लागूनच. यंत्राचा ड्रम, म्हणजे शेंगा झोडपणारा फिरता भाग, जोरात फिरला की दाणा वरून ठणठणीत दिसतो, अन् गोणपाटात उगवणीला घातला की कोंब वाकडा, नाहीतर येतच नाही. शिफारस वाचलेली सगळ्यांनी असते: दाण्यात १३ टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४००, ओल १४ च्या वर असेल तर ४०० ते ५००. पण फेरे मोजतं कोण? मी टॅकोमीटर घेतला. ड्रमच्या पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवायची, लाल ठिपका तिच्यावर धरायचा, आकडा येतो. भाड्यानं फिरणाऱ्या एका यंत्रावर धरला तर साडेसातशेच्या वर. यंत्रवाला म्हणाला, "साहेब, गव्हाला हेच, हरभऱ्याला हेच, सोयाबीनचे काय वेगळे लाड?"

तर विचारायचं असं. अधिवेशन, कार्यशाळा, पेपर मागवणं, पुरस्कार या बातम्या वेळेवर कळायला काय करावं? सभासद होऊन माझ्यासारख्या खेड्यात बसलेल्याला काय मिळतं? माझे दोन्ही ऑपरेटर आयटीआय झालेले, त्यांना तिथं दार आहे का? आणि खरा प्रश्न हा, की ही मंडळी एक दिवस तालुक्याला येऊन मळणी यंत्रं तपासून, नीट लावून देण्याचा कार्यक्रम करतील का? एका कचेरीत मेल टाकून झाली, फोनही झाला. "लेखी अर्ज पाठवा." कशाचा, कुणाच्या नावानं, हे विचारेपर्यंत फोन ठेवलेला.

काळीभोर

सभासदत्वाचं काय घेऊन बसलाव सेलूकर. या संस्था म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीचे गुण. पेपर वाचायचा, सर्टिफिकेट घ्यायचं, गुलाबजाम खायचे, परतीची गाडी धरायची. आपल्या धुऱ्यावर कोणी येत नसतंय.

गंगाखेडचे_सर

काळीभोरराव, गुलाबजाम मीही खाल्लेत, तेव्हा अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी एक गोष्ट ऐका. तुमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला ५४० फेरे असतात, तो आकडा कुठून आला? अमेरिकेत १९०७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला कृषी अभियंत्यांची संघटना निघाली. तिनं १९२७ मध्ये पीटीओचं पहिलं प्रमाण ठरवलं: मिनिटाला ५३६ फेरे, दहा इकडे किंवा तिकडे, आणि फिरण्याची दिशा एकच. पुढं त्याचे ५४० झाले. आज पंजाबात बनलेलं मळणी यंत्र जिंतूरला येतं आणि ज्याच्या त्याच्या ट्रॅक्टरला लागतं, त्यामागं अशाच रटाळ बैठका आहेत. ती संघटना अजून चालू आहे, २००५ पासून नावात 'बायोलॉजिकल' पण आलंय. आपल्या संघटनेकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवतो, आणि ती पुरी होत नाही तेव्हा चिडतोही.

आता सेलूकर, तुमचं. अधिवेशन बहुतेक हिवाळ्यात असतं, पण पहिलं परिपत्रक कितीतरी आधी निघतं. त्यात विषय, सारांश पाठवायची मुदत आणि नोंदणीची फी असते. म्हणजे लक्ष ठेवायचं ते पावसाळ्यात. दिवाळीनंतर चौकशी केली तर हाती फक्त जेवणाचं कूपन येतं. संघटनेचं संकेतस्थळ आणि त्या वर्षीच्या यजमान विद्यापीठाचं संकेतस्थळ, दोन्ही बघत जा. पदवी आहे तर आजीव सभासद व्हा, एकदा पैसे भरले की दरवर्षीची कटकट नाही. फी संकेतस्थळावरच बघा, लोकांच्या तोंडी जुने आकडे असतात. 'जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल इंजिनिअरिंग' हे शोधनिबंधांचं आणि 'ॲग्रिकल्चरल इंजिनिअरिंग टुडे' हे थोडं सोपं, अशी दोन नियतकालिकं आहेत. दुसरं तुमच्या कामाचं.

ऑपरेटरांसाठी मात्र ही जागा नव्हे. त्यांना मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत पाठवा. १९५५ पासूनची संस्था, ट्रॅक्टरच्या चाचण्या तिथं होतात. तिथून परत आलेला पोरगा बेअरिंगचा आवाज ऐकून दुखणं सांगतो.

आणि तुम्ही टॅकोमीटर धरलाच आहे तर अधिवेशनात लावायच्या पोस्टरपुरता मजकूर तुमच्याकडं आहे. फक्त नुसते फेरे आणि उगवण लिहून भागत नाही. एकाच शेतातला, एकाच दिवशीचा माल घ्या, तीन वेगांवर मळा, ओल मोजा. त्याच ढिगातल्या थोड्या शेंगा हातानं सोलून त्यांचीही उगवण काढा. हा हातानं सोललेला नमुना नसेल तर तुमचं बियाणं यंत्रानं मारलं की काढणीच्या पावसानं, हे कुणीही विचारेल आणि तुमच्याकडं उत्तर नसेल.

अंतिम_वर्ष_बीटेक

सर, वावरातच दाण्याला मार लागलाय का हे बघायची काही पद्धत आहे का? उगवणीला पाच-सात दिवस जातात, तोवर यंत्र पुढच्या गावाला गेलेलं असतं.

गंगाखेडचे_सर

आहे. सोडियम हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण, म्हणजे कपड्यांचं ब्लीच पाण्यात मिसळून. त्यात मोजून शंभर दाणे दहा-पंधरा मिनिटं ठेवा. टरफल फुटलेला दाणा तेवढ्यात टम्म फुगतो, धड दाणा होता तसा राहतो. फुगलेले मोजा. ते दाणे मग जनावरांनाही घालू नका, फेकून द्या. उगवण चाचणीला हा पर्याय नाही, पण ट्रॉली भरायच्या आत यंत्रवाल्याला थांबवायला पुरतो.

दिघीचा_गजा

मी सोता यंत्रवाला. सगळे साहेब लोक बोलायलेत म्हून लिवतो. फेरे कमी करा म्हणणं सोपं हाय. पंखा ड्रमच्या शाफ्टवरनंच चालतोय. ड्रम हळू झाला की वारं बी हळू. भुसकट दाण्यात पडतंय, चाळणी बी ढिली हलती, मालक म्हणतंय माल घाण आला, पैसे कापतंय. आन् ड्रममदी माल अडकून चोक व्हतंय ते येगळंच. ट्रॅक्टरची रेस कमी केली तरी तेच रडगाणं. एक डाव सायबाला सांगा चोक काढायला, दुपारी बाराच्या उन्हात, सोयाबीनच्या धुरळ्यात.

सेलूकर

गजाभाऊ, या धाग्यावर लाखाचं बोललात. नेमकं हेच कुठल्या घडीपत्रिकेत छापलेलं नसतं. शिफारस ड्रमपाशी थांबते आणि यंत्र तिथून पुढं सुरू होतं.

मी आमच्या यंत्रावर काय केलं ते सांगतो. इनपुट शाफ्ट पीटीओच्या ५४० वर फिरतो. त्यावर १४ इंची पुली होती आणि ड्रमवर १० इंची. ५४० गुणिले १४ भागिले १०, म्हणजे ७५६. गव्हाला ठीक. दोन्ही पुल्यांची अदलाबदल केली: ५४० गुणिले १० भागिले १४, म्हणजे ३८६. पट्टा तोच बसतो, कारण पुल्या त्याच आहेत. पंख्याचा पट्टा मात्र ड्रमवरून काढून इनपुट शाफ्टवरून घेतला, त्यासाठी एक जादा पुली बसवावी लागली. वारं पहिल्यासारखं झालं. चाळणीचंही तसंच करता येईल, मी अजून हात घातला नाही.

चोकचं म्हणाल तर ते पूर्ण गेलं नाही. घास, म्हणजे एका वेळी यंत्राच्या तोंडात घालायचा माल, लहान घालावा लागतो, मजूर कुरकुरतात.

गंगाखेडचे_सर

कुरकुरणारच. ड्रमच्या शाफ्टवर फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आहे, त्यात साठणारी ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की ताकद पाव राहते. मोठा घास गेला की पूर्वी फ्लायव्हील ओढून नेत होतं, आता ते जागेवर बसतं. म्हणून वेग कमी तर घास लहान आणि एकसारखा, त्याला दुसरा इलाज नाही. ओला, हिरवट पाला असेल तर त्या दिवशी बियाण्याची मळणीच करू नका. ड्रम आणि त्याखालच्या जाळीमधलं अंतरही बघा, गव्हाचं अंतर सोयाबीनला फार कमी होतं.

घासाचा विषय निघाला म्हणून सांगतो. घास घालायच्या तोंडाची लांबी निदान ९० सेंटीमीटर आणि त्यातला आतला ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असं भारतीय मानक आहे. मळणी यंत्रात हात जायचे म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. तरी आजही गावोगाव ते झाकण काढून ठेवलेलं दिसतं, घास लवकर जातो म्हणून. तपासणीचा दिवस केलात तर टॅकोमीटरच्या आधी हे झाकण बघा.

काळीभोर

आता कुठं कामाची गोष्ट निघाली. पण दिवस ठरवणार कोण? दिल्लीवाले?

अंतिम_वर्ष_बीटेक

दिल्ली कशाला? १५ सप्टेंबरला अभियंता दिन असतो. आमच्याकडं प्रतिमापूजन आणि एक व्याख्यान होतं. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला विद्यापीठाचा रब्बी मेळावा असतो, त्याला शेतकरी येतातच. सोयाबीनची मळणी त्यानंतर सुरू होते, म्हणजे तेव्हा यंत्रं रिकामी असतात. आम्ही पोरं टॅकोमीटर घेऊन १६ ला सेलूला येऊ शकतो, पण आमच्या सरांना कुणीतरी बाहेरून पत्र द्यायला पाहिजे. आम्ही म्हटलं तर सर म्हणतील आधी सबमिशन करा.

सेलूकर

ही तारीख पटली. मेच्या १८ तारखेचा खरीप मेळावाही डोक्यात होता, पण तेव्हा मळणी यंत्राची आठवण कुणाला येते. आता पत्राचा मजकूर असा लिहिलाय, चुका दिसल्या तर फाडून काढा:

"प्रति, विभागप्रमुख, कृषी यंत्रे व शक्ती. विषय: सोयाबीन मळणी यंत्र तपासणी दिवस. महोदय, अभियंता दिनानिमित्त दि. १६ सप्टेंबर रोजी आमच्या अवजारे बँकेच्या आवारात परिसरातील भाड्याने चालणारी मळणी यंत्रे बोलावून ड्रमचे फेरे, पंख्याचा वेग, घासाच्या तोंडाचे झाकण व जाळीचे अंतर तपासण्याचे योजले आहे. आपले विद्यार्थी व एक मार्गदर्शक मिळावेत. जागा, चहा, जेवण व पुल्यांचे सुटे भाग आमच्याकडे. हंगामानंतर त्याच यंत्रांवर मळलेल्या बियाण्याची उगवण नोंदवून अहवाल आपणास व संघटनेस देऊ."

गंगाखेडचे_सर

मजकूर चांगला. "संघटनेस देऊ" एवढ्यावर सोडू नका. "पुढील अधिवेशनात पोस्टर म्हणून मांडू, त्यात विद्यार्थ्यांची नावे राहतील" असं लिहा. काळीभोररावांच्या बढतीच्या गुणांचा असाही उपयोग होतो. प्रत अधिष्ठाता कार्यालयाला आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्या, आणि पोच घ्या. फोनवर काही ठरवू नका. बियाण्याची उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली तर तेही अहवालात लपवू नका. त्या शेतकऱ्याला पेरणीआधी सांगा, एकरी तीस किलोच्या वर दर टक्क्याला अर्धा किलो जादा घे म्हणून.

काळीभोर

लातूरहून एक यंत्र मी आणतो. डिझेल कुणाचं ते आधी सांगा.

सेलूकर

निम्मं कंपनीचं, निम्मं तुमचं. गुलाबजाम पूर्ण आमचे.

दिघीचा_गजा

ते समदं ऱ्हाऊ द्या. मपल्या ड्रमचा शाफ्ट जाड हाय आन् इनपुटचा बारीक. पुल्या अदलाबदल केल्या तर बोअर, म्हंजी पुलीचं भोक, बसायचा न्हाई. मदी बुश, म्हंजी पोकळ नळी, टाकावं का लेथवर नवी पुली करून घ्यावी?

सेलूकर

बारीक शाफ्टवर मोठ्या बोअरची पुली येईल तिथं बुश चालेल, पण चावीचा, म्हणजे पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या पट्टीचा, गाळा नीट कापून घ्या, नुसत्या स्क्रूवर भरवसा नको. जाड शाफ्टला मात्र पुलीचा बोअर वाढवावा लागेल, आणि हबमध्ये, म्हणजे पुलीच्या मधल्या भागात, तेवढं लोखंड आहे का ते लेथवाल्याला आधी बघू द्या. नसेल तर नवी पुली. दोन्ही शाफ्टचा व्यास व्हर्नियरनं मोजून इथं टाका, फोटोसकट.