बीच सॉकर: पेनल्टीवर जिंकलेल्या टीमला नक्की किती पॉइंट? (मदत हवी आहे, शनिवारच्या आत)

तांबडापांढरा_दुबई

राम राम मंडळी. मूळचा कोल्हापूरचा, सध्या दुबईत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील विरुद्ध शिवाजी (आमच्या गावच्या दोन फुटबॉल टीम) बघत मोठा झालेला माणूस, त्यामुळं फुटबॉलमधलं आपल्याला सगळं कळतं असा एक गैरसमज होता तो मागच्या शनिवारी उतरला.

झालं असं की २०२४ च्या फेब्रुवारीत इथं डिझाईन डिस्ट्रिक्टमध्ये बीच सॉकरचा, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलचा, वर्ल्ड कप झाला, पोराला घेऊन फायनलला गेलो होतो, ब्राझीलनं इटलीला ६-४ नं हरवलं. एका मॅचमध्ये दहा गोल! आपल्याकडं दहा गोल बघायला अर्धा सीझन जातो (थोडं वाढवून सांगतोय, समजून घ्या). तेव्हापासून पोराच्या डोक्यात हे भूत बसलंय, २०२५ चा सेशेल्सचा वर्ल्ड कप त्यानं माझ्याच मोबाईलवर बघून माझाच डेटा संपवला, आणि आता बिल्डिंगमधल्या वीस पोरांनी मिळून स्वतःचा वर्ल्ड कप काढलाय. चार टीम, चिठ्ठ्या टाकून देश वाटले: ब्राझील, सेनेगल, बेलारूस, ताहिती. रेफ्री मी, कारण बाकीचे सगळे बाप क्रिकेटवाले.

पहिल्याच दिवशी राडा. ब्राझीलनं सेनेगलला सरळ हरवलं, ते ठीक. ताहिती आणि बेलारूस ४-४ झाले, मी म्हटलं चला पेनल्टी, ताहिती जिंकली, वहीत ३ पॉइंट लिहून टाकले. तर बेलारूसच्या गोलकीपरचे वडील, एरवी लिफ्टमध्ये पण तोंड उघडत नाहीत, ते उठून म्हणाले तीन नाही, एकच मिळतो. मी म्हटलं अहो जिंकलेल्याला एक पॉइंट कुठल्या गावात देतात?

आणि खरी गोची पुढं आहे. माझा पोरगा ताहितीत आहे. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणी थेट काही म्हणत नाही पण स्मायली येतायत.

तर जाणकारांनी सांगा, पॉइंट किती, आणि दुसरं म्हणजे मी फ्री किकला भिंत (बॉलसमोर पोरांची आडवी रांग) लावून दिली त्यावर पण पोरं ओरडत होती, भिंत नसतेच म्हणे, आणि बाजूला लाल पिवळे झेंडे असतात ते कशाचे, आणि बॉल बाजूनं बाहेर गेल्यावरचा थ्रो हातानं का पायानं, आणि वाळूनं पाय भाजतात त्याचं काय करायचं. एकदम सगळं विचारतोय, माफ करा.

शिट्टीवाला

दादा, लिफ्टवाले काका बरोबर आहेत. ठरलेल्या वेळेत जिंकलात तर ३, एक्स्ट्रा टाइममध्ये जिंकलात तर २, पेनल्टीवर जिंकलात तर १. हरणाऱ्याला कायम शून्य, मग ती पेनल्टीवर का हरलेली असेना. बीच सॉकरमध्ये ड्रॉ नावाची गोष्टच नाही.

आता तुमची दुसरी चूक, जी अजून कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही म्हणून हळूच सांगतो. बरोबरी झाल्यावर डायरेक्ट पेनल्टी नसते, आधी ३ मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम असतो. मूळ मॅच १२ मिनिटांच्या तीन भागांची, हाफ टाइम हा शब्द विसरा, आणि घड्याळ थांबवत खेळायचं. गोल झाला, फाउल झाला, की घड्याळ बंद. त्यामुळं ३६ मिनिटांची मॅच सहज तासभर चालते, पालकांना आधीच सांगून ठेवा नाहीतर जेवणावरून फोन येतील.

फ्री किकला भिंत नाही हे पण खरं. सगळ्या फ्री किक डायरेक्ट, बाकीच्यांनी किमान ५ मीटर लांब, बॉल आणि गोल यांच्या मधला पट्टा मोकळा. म्हणजे मारणारा आणि कीपर, दोघंच. फाउल केला की अर्धा गोल दिलाच समजा.

झेंडे: मैदानात टचलाइन (बाजूची रेघ) आणि गोललाइन (गोलच्या टोकाची रेघ) सोडून काही आखलेलं नसतं, वाळूत रेघ टिकत नाही, म्हणून बाजूला झेंडे. लाल दोन ते मधली रेघ, पिवळे ते पेनल्टी एरियाची रेघ, गोललाइनपासून ९ मीटर. थ्रो हातानं घ्या नाहीतर पायानं, दोन्ही चालतं, पण ४ सेकंदांत. बॉल गोललाइनवरून गेला तर कीपरनं हातानंच फेकायचा, ठेवून लाथ मारायची नाही.

जुनी_पेठ

म्हणजे ताहितीला १. पोराला घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा 😂

सोमू७७

मला काय वाटतं, पोरांची स्पर्धा आहे तर ताहितीला २ आणि बेलारूसला १ देऊन मिटवा की. एवढं काय त्यात.

शिट्टीवाला

नको. एकदा मिटवामिटवी सुरू केली की पुढच्या शनिवारी सेनेगलवाले येणार. नियमामागं कारण आहे ना, पेनल्टीला ३ दिले तर कमजोर टीम मागं बसून राहते, इथं पूर्ण पॉइंट पाहिजेत तर ३६ मिनिटांत काम संपवा.

मडगावची_मनीषा

पायांचं मी सांगते. बूट घालायचे नाहीत, अनवाणीच खेळायचं. घोट्याला इलॅस्टिक बँडेज चालतं. वाळूवर मॅचआधी भरपूर पाणी मारा, मोठ्या स्पर्धांत पण मारतात. आणि शंख, काचा आधी हातानं चाळून काढा, त्या कामाला त्या क्रिकेटवाल्या बापांना लावा. शक्य असेल तर ऊन उतरल्यावरच खेळवा.

आणखी एक, पोरांना ड्रिबल करायची (बॉल पायाशी ढकलत न्यायची) सवय असेल तर ती मोडा. वाळूत बॉल गडगडत नाही, कुठल्या खड्ड्यात अडकेल सांगता येत नाही. बॉल उचलायचा आणि हवेतच ठेवायचा, म्हणून तर एवढ्या बायसिकल किक (उलटं होऊन डोक्यावरून मारलेल्या) दिसतात, ती काय नुसती स्टाइल नाही.

तुमच्या पोराला ताहिती मिळाली म्हणून वाईट वाटत असेल तर सांगा त्याला, ताहिती ज्यात येतं त्या फ्रेंच पॉलिनेशियाची लोकसंख्या तीन लाखांच्या आत आहे आणि ते २०१५ आणि २०१७ ला लागोपाठ दोन वर्ल्ड कपच्या फायनलला गेले. २०१५ ची सेमी तर इटलीविरुद्ध ६-६, पेनल्टीवरच जिंकले. त्यामुळं पेनल्टी त्यांच्या रक्तात आहे म्हणायला हरकत नाही. (२०१७ च्या फायनलला ब्राझीलनं ६-० केलं ते सांगू नका.)

जुनी_पेठ

आणि बेलारूसला समुद्रकिनाराच नाही राव! तरी सेशेल्सला फायनल खेळले, ब्राझीलला शेवटी ४-३ नंच जिंकता आलं. २००९ ला तुमच्या दुबईतच स्वित्झर्लंड फायनलला होतं, त्यांना पण समुद्र नाही. कोल्हापूरला तरी कुठं आहे? पंचगंगेच्या वाळूत एक टीम काढूया.

सोमू७७

आपली इंडियाची टीम आहे का यात?

मडगावची_मनीषा

आहे. २०२५ च्या मार्चमध्ये थायलंडला पटायात एशियन कप झाला त्यात खेळली. नॅशनल चॅम्पियनशिप पहिल्यांदा २०२३ ला सुरतमध्ये झाली, केरळ जिंकलं. आमचं गोवा का नाही जिंकलं असं कुणी विचारू नये 😑

तांबडापांढरा_दुबई

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. वहीत ताहितीचे ३ खोडून १ केला आणि फोटो ग्रुपवर टाकला. एक्स्ट्रा टाइम राहिल्याचं पण स्वतःच कबूल केलं, म्हटलं दुसऱ्यानं शोधून काढण्यापेक्षा बरं. लिफ्टवाले काका आज सकाळी लिफ्टमध्ये "गुड मॉर्निंग" म्हणाले, आणि आता घड्याळ थांबवायचं काम त्यांच्याकडंच दिलंय. पोरगा मात्र दोन दिवस बोलत नव्हता, २०१५ च्या सेमीचं सांगितल्यावर जेवला.

झेंड्यांचं पण झालं. पिवळे बाजारातून आणले, लाल कापड मिळेना म्हणून बायकोची एक जुनी ओढणी कापली. ती जुनी नव्हती हे नंतर कळलं. त्यावर वेगळा धागा काढतो.