हार्डली लिहिलं आणि फसलो

'इंग्रजी विशेषणाच्या शेवटी ली (-ly) लावलं की झालं क्रियाविशेषण', म्हणजे काम कसं होतं ते सांगणारा शब्द, असं बरेच जण सांगतात. आम्हालाही परभणीत हेच शिकवलं होतं. त्याच भरवशावर मी पहिल्या नोकरीच्या अर्जात 'आय वर्क हार्डली' ठोकून दिलं. म्हणजे 'मी काम जवळपास करतच नाही'! साहेब वाचून गालात हसले. मला वाटलं, खूश झाले. हार्ड, फास्ट हे शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन्हीकडे जशेच्या तसे चालतात. उलट फ्रेंडली, लव्हली ही ली असूनही विशेषणंच.

पण खरी गोम आपल्या मराठीत आहे. 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते' असं आपण म्हणतो. सांगायचं असतं खेळणं कसं ते, तरी शब्द विशेषणासारखा लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून 'शी प्लेज गुड' आपल्या कानाला खटकतच नाही. गुड हे विशेषण, तिथं क्रियाविशेषण वेल हवं.

आता हे कळलं म्हणून सगळीकडे वेल घुसडू नका बरं का. चुलीवर ज्वारीची भाकरी टम्म फुगली, वास सुटला, तर 'इट स्मेल्स गुड'च. वास घ्यायचं काम भाकरी करत नाही, वर्णन तिचंच चाललंय. लुक, टेस्ट, फील यांचंही तसंच.