मदत हवी: नगरपंचायत झाली, पण कॉलनीत ना गटार ना नळ

भरीतपुरी:
गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेलं. घरपट्टी वाढली, बाकी शून्य. मोरीचं पाणी गेटसमोर साचतं. त्यात फरशीचे तुकडे टाकलेत, पोरं बूट हातात घेऊन त्यावरून उड्या मारत रिक्षापर्यंत जातात. पाणी टँकरचं, विकत. अर्ज दिला, काही झालं नाही. तक्रार नक्की कुठे करायची? लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आहे.

आखाजी:
गाव कोणतं शे ताई?

नाना_निवृत्त:
प्लॉट एनए (बिगरशेती परवानगीचा) आहे की गुंठेवारी (परवानगीविना पाडलेला तुकडा)? अर्जाची पोच घेतली का? उत्तर काय आलं?

बोअरवाला_चोपडा:
कोणाच्या तोंडाकडे बघू नका. बोअर मारा, सॉफ्टनर बसवा, विषय संपला. आमच्याकडे तेच केलं.

भरीतपुरी:
जिल्हा धुळे. गाव सांगत नाही, आमच्या वॉर्डातले इथे वाचतात. बोअर आहे, मार्चलाच फेस टाकतो. आणि नाना, 7/12 सासऱ्यांच्या नावावर आहे, त्याचा गटाराशी काय संबंध?

पांझराकाठ:
गटाराची वाट बघू नका. शोषखड्डा घ्या, खाली दगड, वर खडी, वाळू. दोन दिवसांचं काम.

काळी_माती:
पांझराकाठ, तुमच्याकडे मुरूम असेल. आमच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा पहिल्या पावसात विहीर होतो. माती फुगली की पाणी जिरतच नाही. ताईंना भलतंच सांगू नका.

पांझराकाठ:
नीट केला तर चालतो. करणारा पाहिजे.

नाना_निवृत्त:
संबंध आहे ताई, म्हणून तर विचारलं. लेखी उत्तर काय ते आधी टाका.

भरीतपुरी:
"लेआउट हस्तांतरित नाही" एवढंच लिहिलंय. ते तर आमच्या गल्लीत सगळ्यांनाच दिलंय.

नाना_निवृत्त:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! एनए आदेशात अटी असतात: रस्ते, गटार, पाणी, वीज लेआउटवाल्याने, म्हणजे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, करून द्यायची, रस्ते आणि ओपन स्पेस ग्रामपंचायत-नगरपंचायतीच्या ताब्यात द्यायची. तो प्लॉट विकून मोकळा झाला, काम कोणी केलं नाही. आता नगरपंचायत म्हणते आमचं नाही. आदेशाची नक्कल काढा, अट अधोरेखित करून मुख्याधिकाऱ्यांना द्या. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेला. गुंठेवारी निघाली तर रस्ता वेगळा: 2001 चा कायदा, 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट त्यात घेतलेत.

हक्कवाला:
एवढं कशाला? नळजोडणी लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये येते. आपले सरकार पोर्टलवर अर्ज टाका, मुदतीत नाही दिलं तर अपील.

काळी_माती:
अहो, गल्लीत पाइपच नाही तर जोडणी कशाला करणार?

आखाजी:
मजा बघा, रस्त्यापलीकडे ग्रामपंचायत असेल तर तिथे जल जीवन मिशनचे नळ. ते ग्रामीण भागालाच, शहराला अमृत 2.0 ही केंद्राची योजना. कागदावर त्यांना माणशी 55 लिटर आणि आपल्याला 135. नळ कोणाकडे, ते विचारू नका!

भरीतपुरी:
अगदी हेच!! माझी जाऊ पलीकडे राहते, कळशी तिच्याकडून भरते मी.

केळीचं_खोड:
प्लॉट मात्र विकू नका ताई. मनमाड-इंदूर रेल्वे 2024 ला मंजूर झालीय, धुळे-शिरपूरवरून जाणार. भाव बघा मग.

काळी_माती:
त्या रेल्वेची वाट आमच्या आजोबांनीही पाहिली. ताईंनी गटाराचं विचारलंय, केळीभाऊ.

भरीतपुरी:
नाना, आदेशाची नक्कल मिळते कुठे? लेआउटवाला फोन उचलत नाही.

नाना_निवृत्त:
त्याच्या मागे लागू नका. 7/12 वरचे फेरफार क्रमांक काढा, एनएच्या नोंदीत आदेशाचा क्रमांक आणि तारीख सापडेल. तो घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. "सापडत नाही" म्हणाले तर माहिती अधिकार, 30 दिवस. आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, एकट्या जाऊ नका.

बोअरवाला_चोपडा:
बोअर किती फूट आहे ते सांगितलंच नाही तुम्ही.