शेवट माहीत असूनही

"शेवट पहिल्या पानावरच कळतो, मग वाचायचं कशाला?" हा प्रश्न आलाय म्हणून लिहिते. हलक्याफुलक्या प्रेमकादंबरीत गोड शेवट हा लेखक-वाचकांमधला करारच असतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखक-संघटनेच्या व्याख्येतही दोनच अटी आहेत: प्रेमकथा केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा.

त्यामुळे 'काय होणार' याची उत्सुकता नसतेच, असते ती 'कसं होणार' याची. एकमेकांना पाण्यात पाहणारे दोघं एखाद्या वाक्यावर नकळत एकत्र हसतात आणि मग ते लपवायची धडपड करतात, ती दोन पानं मी पुन्हा पुन्हा वाचते. इंग्रजी लेखिका जेन ऑस्टिनने १८१३ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीत एलिझाबेथ आणि डार्सी या नायिका-नायकाची जी शाब्दिक खडाजंगी रंगवली, तिचाच हा वारसा.

खटकतो तो शेवटाकडे ओढूनताणून आणलेला गैरसमज, एका फोनने मिटला असता असा. (तिथे मी पानं भराभर उलटते.) पण संवाद चुरचुरीत असतील तर तेही माफ! परवा अशीच एक कादंबरी रात्री दीडला संपवली आणि लगेच पहिलं प्रकरण पुन्हा उघडलं, तिने त्याला पहिल्यांदा कसं झापलं होतं ते बघायला.